फ्लॅटमधलं रोप कोकणच्या उन्हात नेताना

गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या डोंबिवलीहून गावी आला, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर रोपांचे क्रेट होते. टोमॅटो, लवंगी मिरची, वांगी, झेंडू आणि दोन पपया. फेब्रुवारीपासून त्यानं ती हॉलमधल्या रॅकवर एलईडी दिव्यांखाली वाढवली होती. रोपं देखणी होती. हिरवीगार, रुंद पानांची, एकावरही कीड नाही. आल्या दिवशीच त्यानं त्यातली बरीचशी घरासमोरच्या खळ्यात ओळीनं लावली, आळी केली, भरपूर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग उमटले.

"काका, दोन्ही वेळ पाणी घातलं, तरी जळली कशी?"

पाण्याचा दोष नव्हता. मातीचाही नव्हता. ज्या घरात ती रोपं जन्मली त्या घराचं हवामान आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या खळ्याचं हवामान यांत जे अंतर आहे, ते त्यांना एका दिवसात कापायला लावलं होतं. हे अंतर हळूहळू कापू देण्याला नर्सरीवाले 'हार्डनिंग' म्हणतात, शेतकी पुस्तकांत 'रोपे काटक करणे' असं लिहितात. बहुतेक ठिकाणी त्याची कृती दोन ओळींत उरकलेली असते: "रोजचं ऊन थोडं थोडं वाढवा." का वाढवायचं आणि थोडं म्हणजे किती, हे कळलं नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो. म्हणून आधी पानाच्या आत काय घडतं ते सांगतो.

सुरुवात उजेडापासून. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स इतका उजेड असतो. घरात खिडकीपासून दोन-तीन हात आत आलात, तर तोच उजेड हजार लक्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. आपल्याला हा फरक शंभर पटींचा वाटत नाही, कारण डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, आतला पडदाही उजेडाशी जुळवून घेतो. रोपाला बाहुली नसते. दिव्याखालची रोपं खिडकीतल्या रोपांपेक्षा बऱ्या स्थितीत असतात खरी, पण घरगुती दिवेसुद्धा भर दुपारच्या उन्हाच्या जवळपास जात नाहीत. शिवाय खिडकीची काच सूर्यप्रकाशातले त्वचा जाळणारे अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते आणि पांढऱ्या एलईडीत ते नसतातच. म्हणजे त्या रोपांनी हे किरण आयुष्यात पाहिलेले नसतात.

आता पान. कमी उजेडात वाढणारं रोप उजेड गोळा करण्यासाठी पान रुंद आणि पातळ करतं. पानाच्या वरच्या बाजूला खांबांसारख्या उभ्या पेशींचा थर असतो. उन्हातल्या पानात हे खांब लांब असतात, कधी दोन-दोन थर असतात, तर सावलीतल्या पानात ते आखूड आणि विरळ असतात. वरचा मेणाचा थरही पातळच राहतो, कारण घरात वारा नाही, चटका नाही, पाणी उडून जाण्याची भीती नाही. जे देखणं, टवटवीत, मऊसूत पान पाहून आपण खूश होतो, ते उन्हाच्या दृष्टीनं सगळ्यात कच्चं पान असतं.

अशा पानावर अचानक दुपारचं ऊन पडलं की काय होतं? हरितद्रव्य उजेड पकडतं, पण पुढची अन्न बनवण्याची यंत्रणा लहान असते. पकडलेली शक्ती वापरली जात नाही. ती तुंबते, आणि तुंबलेल्या शक्तीतून ऑक्सिजनची अशी आक्रमक रूपं तयार होतात की ती हरितद्रव्यालाच पांढरं करून टाकतात. पुतण्याच्या रोपांवरचे पांढरे डाग हेच होते. म्हणून पाणी कितीही घातलं तरी ते थांबले नाहीत. पाणी कमी पडल्यानं पान कोमेजतं आणि पाणी मिळालं की उठतं. उजेडानं भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही.

या तुंबलेल्या शक्तीवर वनस्पतींकडे एक उत्तम उपाय असतो. पानात काही पिवळी रंगद्रव्यं असतात. ऊन चढलं की त्यांतल्या एकाचं काही मिनिटांत झिअ‍ॅझँथिन नावाच्या द्रव्यात रूपांतर होतं आणि ते जादा शक्ती निरुपद्रवी उष्णतेच्या रूपात सोडून देतं. मक्याच्या दाण्याला जो पिवळा रंग असतो त्यात याचाही वाटा असतो, आणि नावही मक्याच्या शास्त्रीय नावावरूनच आलंय. धरणाला जादा पाणी सोडायला सांडवा असतो तसा हा पानाचा सांडवा. तो उघडायला मिनिटं लागतात, पण मुळात तो पुरेसा रुंद बांधायला काही दिवस जातात. घरातल्या रोपाचा सांडवा अरुंद असतो. रोज थोडं ऊन दाखवायचं ते हा सांडवा रुंद व्हावा म्हणून.

आणि इथे या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. जुनं पान आतलं रसायन थोडंफार बदलू शकतं, पण जाड होऊ शकत नाही. त्याचे खांब, त्याची जाडी, त्यावरच्या पर्णरंध्रांची संख्या हे सगळं पान घडतानाच ठरून जातं. काटक होतं ते नवीन पान. त्यातही नवल असं की कोंबात घडणाऱ्या पानाला बाहेर ऊन किती आहे हे स्वतःला कळण्याआधी जुन्या पानांकडून कळतं. जुन्या, पुऱ्या वाढलेल्या पानांवर किती उजेड पडतो याचा निरोप रोपाच्या आतून कोंबापर्यंत जातो आणि त्याबरहुकूम नवं पान जाड किंवा पातळ घडतं. जुनी पानं एका दिवसात भाजून टाकली तर निरोप द्यायलाच कुणी उरत नाही. ती जिवंत ठेवून, त्यांना सोसेल एवढंच ऊन दाखवलं, तर पुढची पिढी उन्हाला तयार होऊन जन्मते. म्हणून दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात मिरची-टोमॅटोची एक-दोन नवी पानं बाहेर येतात. रोप तयार झालं का, हे कॅलेंडरवर पाहू नका. शेंड्याकडे पाहा. नवं पान आधीच्यापेक्षा लहान, जाडसर, गडद निघालं की समजा निरोप पोचला.

हापूसच्या कलमाला नवी पालवी फुटते ती कशी तांबूस, लोंबकळती असते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. काजूची आणि कोकमाचीही तशीच. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा पुरी बसलेली नसते, तेव्हा लाल रंगद्रव्य त्याला उन्हापासून झाकतं, आणि पान खाली लोंबत असल्यानं दुपारचं ऊन त्यावर सपाट पडत नाही. पान पक्कं झालं की रंग हिरवा होतो आणि देठ ताठ. झाड आपल्या लेकराला आपणच हळूहळू उन्हात आणतं.

कोकणात 'बाहेर' म्हणजे काय

देशावरच्या माणसासाठी बाहेर म्हणजे ऊन आणि कोरडा वारा. आपल्याकडे बाहेर म्हणजे तीन वेगवेगळे ऋतू आणि एक समुद्र. परप्रांतातल्या सूचना इथे तशाच लागू पडत नाहीत, त्या यामुळे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दुपारी बारा-साडेबाराला भिंतीची सावली जवळजवळ नसतेच. आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. 'घराच्या उत्तरेला सावली असते' या भरवशावर मे-जूनमध्ये रोपं ठेवणारे अनेक जण फसतात. भरवशाची बाजू एकच, पूर्व. घराच्या पूर्वेला रोपांना सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराची सावली येते. आपल्या किनाऱ्यावर पूर्व बाजूचा आणखी मोठा फायदा आहे. दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे घरावर अडतात. सकाळचे मतलई वारे जमिनीकडून येतात, ते सौम्य असतात. पुतण्यानं रोपं लावली ते खळं पश्चिमेला होतं. दुपारचं ऊन आणि खारं वारं, दोन्ही एकदम.

मिठाची जळ वेगळी ओळखता येते. उन्हाचा डाग पानाच्या मध्यावर, आकाशाकडे तोंड केलेल्या भागावर पडतो आणि पांढुरका असतो. मिठाची जळ पानाच्या टोकापासून आणि कडेपासून आत येते, तपकिरी असते, आणि समुद्राकडच्या बाजूला जास्त. वाऱ्याबरोबर आलेले खारे तुषार पानावर बसतात, पाणी सुकतं, मीठ उरतं आणि ते पानातलं पाणी ओढून घेतं. मेणाचा थर पातळ असेल तर हे फार लवकर होतं. किनाऱ्यालगत राहत असाल तर संध्याकाळी झारीनं पानं धुवावीत. मात्र गोड्या पाण्यानं. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. ते पानांवर मारणं म्हणजे मिठात भर घालणं.

वारा मात्र पूर्ण अडवू नका. हॉलमध्ये वाढलेल्या रोपाचं खोड उंच आणि लेचंपेचं असतं, कारण त्याला कधी कुणी हलवलेलंच नसतं. हललेलं खोड आखूड आणि जाड होतं. स्पर्शानं आणि हलण्यानं रोपाची ठेवण बदलते, या गोष्टीला मार्क जॅफ या शास्त्रज्ञानं १९७३ साली थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. मुंबईत असतानाच दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून अलगद हात फिरवलात किंवा टेबलफॅन मंद लावलात तरी गावी येईपर्यंत खोडात फरक दिसतो. काठीचा आधार द्यायचा तर सुतळी सैल बांधा. घट्ट बांधलेल्या रोपाला आपल्याला उभं राहायचंय हे कळतच नाही.

आता प्रत्यक्ष कृती. ती मी पुतण्याबरोबर उरलेल्या रोपांवर केली. पहिले दोन-तीन दिवस रोपं पूर्वेच्या पडवीत, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. मग सकाळचं ऊन, उगवल्यापासून साडेआठपर्यंत. दर एक-दोन दिवसांनी तासभर वाढवत आठवड्याभरात ते साडेदहा-अकरापर्यंत नेलं. त्या आठवड्यात रोपं रात्रीही बाहेरच ठेवली. दुसऱ्या आठवड्यात दुपारचं ऊन, पण गाळून. त्यासाठी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट चालते, म्हणजे निम्मा उजेड अडवणारी. आमच्याकडे नारळाची झापं आणि चुडतं आहेत, ती विरळ अंथरून मांडव केला आणि दोन दिवसांआड एकेक चुडत काढत गेलो. ढगाळ दिवस आला तर तो मोजायचा नाही. त्या दिवशी रोप काही शिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन एकदम दुप्पट झाल्यासारखं अंगावर येतं.

रोज संध्याकाळी सूर्य कलल्यावर एकच गोष्ट पाहायची. दुपारी माना टाकलेली पानं उठली का? उठली असतील तर रोप ताणात आहे, पण शिकतंय. नाही उठली तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागे घ्यायचं. डाग पडलेली पानं खुडू नका. उरलेला हिरवा भाग अजून रोपाला जेवू घालतो आणि कोंबाला निरोप देतो.

पाण्याबाबत हात थोडा आखडता ठेवावा. कुंडीतली वरची माती सुकू द्यावी, मग भरपूर द्यावं. किंचित तहान लागली की मुळांकडून पानांकडे रासायनिक इशारा जातो आणि पानं आपली रंध्रं मिटायला शिकतात. सतत ओल्या, दमट हवेत वाढलेल्या रोपाची रंध्रं उघडीच राहतात. टिश्यू कल्चरच्या केळीच्या रोपांत हे टोकाला जातं. बाटलीत वाढलेलं ते रोप तसंच बाहेर काढलं तर काही तासांत सुकतं. म्हणूनच आधी दमट हरितगृहात प्रायमरी आणि मग पिशवीत, शेडनेटखाली सेकंडरी हार्डनिंग असे दोन टप्पे करतात आणि त्याला कित्येक आठवडे देतात. युरिया किंवा नत्राचं पातळ खत लावणीच्या आधी आठ-दहा दिवस बंद करावं. त्यानं मऊ पालवी सुटते, आणि आपल्याला या दिवसांत तीच नको असते.

पिशवीचीही काळजी घ्या. काळी पॉलिथिनची पिशवी कातळावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर उन्हात राहिली की आतली माती हाताला चटका देते, आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात. पिशव्या मातीवर ठेवा, एकमेकींना चिकटवून, भोवती पालापाचोळ्याची भर द्या. नर्सरीतून कलम घेताना एक प्रश्न अवश्य विचारा: हे उघड्यावर किती दिवस होतं? झाडाखाली किंवा नेटखाली ठेवलेलं कोय कलम थेट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, नेऊन लावलं, तर ते फ्लॅटमधल्या मिरचीइतकंच कच्चं असतं. मीही एकदा असं केलंय. दहापैकी सात काजू कलमं त्या उन्हाळ्यात गेली, आणि दोष मी कितीतरी दिवस वाळवीला देत होतो.

पाऊस हा सावलीचाच एक प्रकार आहे

माझ्या मते कोकणातली सर्वात जास्त रोपं मे महिन्यात मरत नाहीत, ऑक्टोबरमध्ये मरतात, आणि त्याचं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

मृगाचा पाऊस लागला की लावणी करायची, ही आपली रीत चांगलीच आहे. हवा दमट, माती ओली, ऊन ढगाआड. भाताचा तरवा उपटून दुसऱ्या खाचरात लावला तरी तो चार-आठ दिवस पिवळा पडून पुन्हा उभा राहतो, ते या हवेमुळे. शिवाय तरवा मुळात उघड्यावरच वाढलेला असतो, त्याला वेगळं काटक करावं लागत नाही. चाकरमान्याचं रोपही या हवेत सुखात राहतं. घट्ट काळ्या ढगांखाली दुपारचा उजेडसुद्धा निरभ्र दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने रोप पुन्हा दमट सावलीतच असतं. या काळात निघालेली पानं रुंद, मऊ, पातळ मेणाची असतात. गणपतीला आलेला माणूस ते पाहून समाधानानं परत जातो.

मग पाऊस ओसरतो. आकाश एकदम स्वच्छ होतं, आर्द्रता असतेच, ऊन मात्र रणरणतं. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, वरचा थर झपाट्यानं सुकतो. तीन महिने सावलीत घडलेल्या पानांवर हे सगळं एका आठवड्यात येतं. पुतण्यानं मेमध्ये हातानं जे केलं, तेच निसर्ग ऑक्टोबरमध्ये करतो. सुपारीच्या रोपांना आगरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, केळीची सावली देतात ती याचसाठी. म्हणून पहिल्या वर्षाच्या रोपांना पावसानंतर दुसऱ्यांदा सांभाळावं लागतं. नवरात्राच्या सुमारास आळ्यात पेंढ्याचं किंवा पाचोळ्याचं जाड आच्छादन द्यावं आणि दुपारची सावली करावी.

पावसात जपायचं ते वेगळ्या गोष्टींना. आमच्या भागात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मोठे थेंब कोवळ्या रोपाला झोडपतात आणि त्यांनी उडवलेल्या चिखलातून बुरशी खालच्या पानांवर चढते, म्हणून रोपाभोवती पहिल्या दिवसापासून पालापाचोळा पसरावा. कातळ फोडून केलेला खड्डा वाटीसारखा पाणी धरतो आणि त्यात मुळं गुदमरतात. त्याला उताराच्या बाजूला वाट काढून द्यावी.

सगळ्यांनाच उन्हाला आणायचं नसतं, हेही सांगायला हवं. जायफळ, मिरवेल, पानवेल ही माडापोफळीच्या सावलीतली मंडळी. जायफळाचं रोप उन्हात काटक करण्याचा हट्ट धरू नये. त्याला आगरात जागा द्यावी. मिरची, टोमॅटो, वांगी, पपई, आंबा, काजू ही उन्हाची झाडं, आणि हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी.

माझी आई यातलं शास्त्र शिकलेली नव्हती. ती लावणी झाली की प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला ऐनाचा किंवा किंजळीचा एक पानांनी भरलेला टहाळ जमिनीत तिरका खोचायची. मला वाटायचं, सावलीसाठी आहे, मग हा सुकणारा टहाळ कशाला, नीट चटई का नाही? आता कळतं. टहाळाची पानं पहिले दोन-तीन दिवस दाट सावली देतात. मग ती सुरकुततात, आकसतात, मधून ऊन झिरपू लागतं. आठ-दहा दिवसांत पानं गळायला लागतात आणि शेवटी नुसत्या काटक्या उरतात. रोपावरचं ऊन रोज थोडं थोडं वाढत जातं, कुणी मोजायला न बसता. वाऱ्यालाही टहाळ अडवत नाही, फक्त मंद करतो.

पुतण्याची अकरा रोपं वाचली, त्यांत सात मिरचीची. गणपतीत त्यानं त्यांच्या मिरच्या डोंबिवलीला नेल्या. जाताना विचारलं, "काका, आता नवरात्रात कोण बघणार?" मी म्हटलं, "टहाळ मी खोचतो. तू फक्त या खेपेला रोपं खिडकीच्या जवळ ठेव, आणि पंखा लाव."